उलिस गिद्री बसूनच राहिले

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर कॉफीचा कप हातात धरून उलिस गिद्री जे बोलून गेले, ते त्यांनी बोलायला नको होतं. हे त्यांच्याखेरीज पाँरूज गावातल्या झाडून सगळ्यांना त्याच क्षणी कळलं.

"मी जाणार," ते म्हणाले. "थंडीला भिऊन आपल्या पोरांना एकटं पाठवणारं गाव, असं आपलं नाव व्हायला नको."

आपली पोरं म्हणजे गावच्या कॉलेजचा फुटबॉल संघ, पेलिकन. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, शिरस्त्राणं घालून, चेंडू हातात धरून पळायचा. आदल्याच दिवशी पेलिकन कधी नव्हे ते जिंकून बाद फेरीत पोचले होते आणि पुढचा सामना पार उत्तरेला, मिनेसोटात, स्वेनबर्गच्या साळिंदर नावाच्या संघाशी, त्यांच्याच मैदानावर आणि उघड्यावर होता. लुईझियानात जमीन संपून नुसतं पाणी नि गवत उरतं, तिथे पाँरूज आहे. तिथे हवा जराशी गार झाली की लोक कुत्री घरात घेतात आणि शाळेला सुट्टी मिळेल का याची चौकशी करतात. अशा गावातल्या माणसानं मिनेसोटात डिसेंबरात उघड्यावर बसायचं म्हणजे आइस्क्रीमनं स्वतःहून भट्टीची तारीख घेण्यातलाच प्रकार, फक्त उलटा.

पण उलिस माघार घेणाऱ्यातले नव्हते. गावातलं वाहन परवान्यांचं ऑफिस ते चालवत. पाँरूजमधल्या प्रत्येक माणसाच्या लायसनवर जो रडका फोटो आहे, तो उलिस यांच्या कारकिर्दीचा पुरावा. फोटो काढताना कोणी हसलंच, तर ते शांतपणे म्हणत, "हसू नका. नियम मी केलेला नाही." ह्या एका वाक्यावर त्यांनी आख्खी नोकरी काढली होती.

आता स्वेनबर्ग म्हणजे त्यांच्या मुलीचं, कोलेटचं सासर. लग्नाला तीन वर्षं झाली होती. उलिस यांच्या पत्नी एर्लीनबाई दोनदा जाऊन आल्या होत्या. उलिस यांना दोन्ही वेळा ऑफिसात नेमकं काम निघालं होतं. पोरीनं इतक्या लांब जायचं काय कारण, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता. पण तिचा फोन आला की ते हवापाण्याचं विचारून फोन बायकोच्या हातात देत. "आम्ही मुलीला भेटायला चाललोय" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. "सामन्याला चाललोय" हे मात्र ते दिवसातून दहादा म्हणत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती एर्लीनबाईंनासुद्धा ठाऊक नव्हती. गावच्या शाळेत संगीत शिक्षिकेची जागा रिकामी झाली होती. मुख्याध्यापिका ओडील बाईंना गाठून उलिस यांनी ती सोमवारपर्यंत अडवून ठेवली होती. स्वेनबर्गला जायचं, पोरीच्या कानावर घालायचं आणि तिला परत घेऊन यायचं. जावई? जावयालाही आणू. पाँरूजमध्ये कोणालाही काम मिळतं, निदान मासे तरी मिळतात.

तयारी सुरू झाली आणि सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. थंडीबद्दल सगळ्यात जास्त माहिती कोणाला असते? जिनं कधी थंडी पाहिली नाही अशा जनतेला.

शेजारचा क्लोव्हिस हा त्यातल्या त्यात अधिकारी माणूस, कारण तो सैन्यात असताना अलास्काला होता. तिथे तो आचारी होता आणि स्वयंपाकघराबाहेर फारसा पडला नव्हता, ही गोष्ट त्यानं कधी लपवली नव्हती, फक्त कोणाला सांगितली नव्हती.

"तिखट," क्लोव्हिस कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "लाल तिखट. मोज्यात घाल."

"मोज्यात?"

"मूठभर. पाय गरम राहिले की माणूस गरम राहतो. अलास्कात आम्ही दुसरं काही करतच नव्हतो."

पलीकडच्या वर्निसबाई कोळंबीच्या शीतगृहात कामाला होत्या. त्यांचं म्हणणं, मोज्यांवरून पावाच्या प्लॅस्टिक पिशव्या चढवाव्यात. न्हाव्यानं सांगितलं, आहे ती मिशी आणखी वाढव. विमा एजंट म्हणाला, कपड्यांचे थर पाहिजेत, कांद्यासारखे. आणि जाण्याआधी माझ्याकडे एकदा येऊन जा. उलिस यांनी सगळ्यांचं सगळं ऐकलं. पाँरूजच्या दुकानात हिवाळी कोट मिळत नाहीत, म्हणून त्यांनी बदकांच्या शिकारीला घालायचा आपला जाड सूट काढला. त्यावर दलदलीतल्या गवताचं चित्र होतं आणि खांद्यांवर कापडी पाती शिवलेली होती. दलदलीत तो घालून बसलं तर बदकं अंगावर येऊन उतरतात.

"मी आर्डिसला फोन करून विचारते ना काय घालायचं ते," एर्लीनबाई म्हणाल्या. आर्डिस म्हणजे त्यांच्या विहीणबाई.

"मुळीच नाही! लग्नाला आपले व्याही हार्लन जूनमध्ये लोकरीचा सूट घालून आले होते. घामानं चिंब झाले, पण कोट काढला नाही की कोणाला विचारलं नाही. त्यांनी मला उन्हाबद्दल विचारलं नाही, तर मी त्यांना थंडीबद्दल का विचारू?"

"मग मी माझ्यापुरतं विचारते," एर्लीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं. त्यामुळे ह्या गोष्टीत त्यांना शेवटपर्यंत काहीही झालं नाही. म्हणून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे.

विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या बाईंनी उलिस यांची बॅग उघडली आणि मोजे वर धरले.

"ही पूड कसली?"

"तिखट."

"मोज्यात?"

"पायांसाठी," उलिस म्हणाले. ह्यावर त्यांना बाजूला उभं करण्यात आलं. तीन अधिकारी आळीपाळीनं मोज्यांचा वास घेऊन शिंकले, मग मोजे परत मिळाले. "आम्हाला सगळं बघावं लागतं," त्यातला एक डोळे पुसत म्हणाला. उलिस यांना त्याचा राग आला नाही. नियमानं वागणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदरच होता. तो आदर पुढे चोवीस तासच टिकला.

स्वेनबर्गच्या विमानतळावर कोलेट न्यायला आली होती. घोट्यापर्यंत कोट, डोक्यावर लोकरी टोपी, गाल टोमॅटोसारखे लाल. तिनं आईला मिठी मारली, मग बापाच्या सुटाकडे पाहून ओठ घट्ट मिटले. "पापा, तुम्ही कुठे आहात? मला नुसतं गवतच दिसतंय."

"हसून घे," उलिस म्हणाले आणि दारातून बाहेर पडले.

बाहेर जी हवा होती, तिला हवा म्हणणं बरोबर नव्हतं. ती आत जाईना. नाकात काहीतरी कडकन आवळलं गेलं. ते नाकातलेच केस होते. वाढवलेली मिशी दोन श्वासांत काठीसारखी ताठ झाली. बापाचं काय होतंय, हे कोलेट बारकाईनं बघत होती.

"छान आहे," उलिस शक्य तेवढा श्वास वाचवत म्हणाले. "मोकळं वाटतं."

व्याह्यांकडे सहाला जेवण. हार्लन टॉर्गरसन हे उंच, हाडकुळे, निवृत्त सुतार. ते दिवसाला जेवढे शब्द वापरत, तेवढ्यात उलिस नुसतं "नमस्कार" म्हणत. त्यांनी हात पुढे केला. "आलात." उलिस यांनी प्रवासाची हकीकत सांगितली, विमानाची, तपासणीची, पेलिकनांच्या गेल्या चार सामन्यांची. हार्लन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं." हा माणूस आपल्याला मूर्ख समजतो, अशी उलिस यांची तीन वर्षांची खात्री होती. ती आता पक्की झाली.

जावई केंट भेटून लगेच कामावर गेला. तो रस्त्यावरचं बर्फ उपसणारी गाडी चालवायचा आणि उद्याही दिवसभर त्याला सुट्टी नव्हती. टेबलावर बटाटे आणि खिमा घातलेलं, वर चीज वितळलेलं एक मोठं भांडं आलं.

"जपून हं," आर्डिसबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी म्हणून मिरी घातलीय."

उलिस यांनी खाल्लं. मिरी होती, पण ती भांड्यावरून नुसती चालत गेली असावी. त्यांनी घसा साफ केला. "कोलेट, परवा मला ओडील बाई भेटल्या. आपल्या शाळेच्या. त्या म्हणत होत्या की..."

"अजून घ्या!" म्हणत आर्डिसबाईंनी पळीभर वाढलं.

"त्या म्हणत होत्या..."

"नको म्हणू नका. आमच्याकडे तिसऱ्यांदा नको म्हटलं तरच खरं धरतात."

उलिस यांनी तीनदा घेतलं, तोवर कोलेट उठून गेली होती. तिला उद्याच्या बँडची तयारी करायची होती. लग्नानंतर ती इथल्याच कॉलेजच्या बँडची मदतनीस झाली होती, म्हणजे साळिंदरांच्या बँडची. ह्या बाबतीत उलिस यांनी अद्याप तिला पूर्ण क्षमा केलेली नव्हती.

जेवण झाल्यावर, थंडीचं आपल्याला काही नाही हे दाखवण्यासाठी ते "जरा हवा खाऊन येतो" म्हणून अंगणात गेले. तिथे हार्लन यांच्या गाडीच्या नाकातून एक वायर निघून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. उलिस थबकले. गाडी पेट्रोलची होती. वाहनांतलं त्यांना कळत होतं. ते त्यांचं खातंच होतं. पेट्रोलच्या गाडीला वीज कशाला? बिचाऱ्या व्याह्यांना कोणीतरी फसवलं असणार, आणि बिलही येत असणार. त्यांनी वायर काढली, नीट वेटोळी केली आणि खुंटीवर टांगून ठेवली. एक चांगलं काम हातून झालं. कोणाला सांगायचीही गरज नव्हती.

सकाळी हार्लन यांनी किल्ली फिरवली. गाडीनं म्हाताऱ्यासारखा एक ढेकर दिला आणि ती गप्प झाली. हार्लन उतरले. त्यांनी खुंटीकडे पाहिलं.

"हे कोणी गुंडाळलं?"

"मी," उलिस म्हणाले. "उगाच वीज जात होती."

हार्लन यांनी वेटोळं खुंटीवरून काढून उलटंसुलटं करून पाहिलं. ह्या मुलखात रात्री इंजिनाला विजेची ऊब दिली नाही, तर त्याचा दगड होतो, हे पाच वर्षांचं पोरही जाणतं. उलिस यांच्या ते आता हळूहळू ध्यानात येऊ लागलं होतं.

"छान गुंडाळलंय," हार्लन म्हणाले आणि शेजाऱ्याला हाक मारायला गेले.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर उलिस यांना बरं वाटलं असतं.

शेजारी मर्लिन ओपडाल आपला ट्रक घेऊन आला. मागे चाकांवरची एक लाकडी खोली जोडलेली होती, गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची. ती सोडवायला वेळ नव्हता, म्हणून ती बरोबरच निघाली. विहीणबाया मागे बसल्या. पुढे मर्लिन आणि हार्लन यांच्या मधोमध उलिस.

"पाहुणे मध्ये बसा," मर्लिन म्हणाला. "हीटर थेट पायावर येतो."

थेट आला. पाच-सात मिनिटं उलिस यांना स्वर्ग दिसला. मग मोज्यांवर चढवलेल्या पावाच्या पिशव्यांच्या आत पायांना घाम फुटला, आणि इतका वेळ निपचित पडलेलं क्लोव्हिसचं तिखट जागं झालं. आधी बोटांच्या बेचक्यांत चुरचुरलं. मग तळव्याला निखारा लावल्यासारखं झालं. उलिस यांनी एक पाय दुसऱ्यावर घासला. ते फार मोठं चुकलं.

"गरम होतंय का?" मर्लिननं विचारलं.

"छे! उत्तम," उलिस म्हणाले. कपाळावरून घामाची धार लागली होती. हार्लन यांनी एकदा त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा पायांकडे, मग खिडकीबाहेर बघायला लागले.

मैदानाच्या आवारात ट्रक थांबतो न थांबतो तोच उलिस हार्लन यांच्या मांडीवरून बाहेर पडले आणि नाचू लागले. दुसरा शब्द नाही त्याला. एक पाय वर, एक पाय बर्फात. मग दुसरा वर. अंगावरची कापडी पाती वाऱ्यावर फडफडत होती. साळिंदरांचे समर्थक तिथे गाड्यांमागे शेगड्या पेटवून सॉसेज भाजत होते. शेजारच्या पेट्यांत बिअर होती. बाहेर ठेवली तर गोठते म्हणून पेटीत. ते सगळे कौतुकानं गोळा झाले.

"दक्षिणेकडचा नाच आहे!" कोणीतरी ओरडलं आणि जाडजूड कोटातले दहा-बारा जण हातात बिअर घेऊन उलिस यांच्याबरोबर पाय उडवू लागले. एका आजोबांनी तर "आता डावा की उजवा?" असंही विचारलं. शेवटी उलिस यांनी बूट, पिशव्या, मोजे काढून फेकले आणि उघडे पाय बर्फाच्या ढिगात खुपसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

एर्लीनबाईंनी पर्समधून लोकरी मोज्यांचा जोड काढून निमूट पुढे केला. "आर्डिसनं सांगितलं होतं, एक जास्त ठेव म्हणून."

यजमानांचं स्टँड दक्षिणेकडे, उन्हात. पाहुण्यांचा दरवाजा मैदानाला वळसा घालून उत्तरेला, जिकडून वारा येतो. एर्लीनबाई सरळ आर्डिसबाईंबरोबर उन्हात बसायला गेल्या. "तुझं नि पेलिकनांचं मला काही सांगू नकोस. तिकडे ब्लँकेट आहे." उलिस एकटेच निघाले.

दारावर पिवळं जाकीट घातलेल्या एक ठेंगण्या, गोड बाई होत्या. "तिकीट?"

तिकीट फोनमध्ये होतं. हातमोज्यानं फोन ऐकेना. उलिस यांनी हातमोजा काढला. मग बोटं ऐकेनात. दोघांची जुळवाजुळव होईपर्यंत थंडीनं फोनच मेला.

"काखेत धरा," बाई म्हणाल्या. "मग उठतो."

उलिस गिद्री, वाहन परवाना अधिकारी, सगळ्यांसमोर फोन काखेत धरून उभे राहिले. फोन उठला. मग बाईंची नजर त्यांच्या बसण्याच्या गादीवर गेली. तिच्यावर एर्लीनबाईंनी भरतकामात पेलिकन काढला होता आणि तिला खुर्चीसारखे दोन हात होते.

"हातवाली गादी चालत नाही."

"पण बाई, आत लोखंडी बाक आहेत ना?"

"ॲल्युमिनियमचे. जास्त गार."

"मी साठीला आलेला माणूस आहे. गादी आहे ही, तोफ नाही."

बाईंनी अतिशय प्रेमानं मान तिरकी केली. "कळतं हो मला. पण नियम मी केलेला नाही."

आयुष्यभर खिडकीच्या आतून जे म्हटलं, ते बाहेरून कसं ऐकू येतं ते उलिस यांना पहिल्यांदाच कळत होतं. फारच वाईट ऐकू येत होतं. त्यांनी गादी देऊन टाकली. बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी आपल्या थर्मासातलं गरम चॉकलेट कागदी ग्लासात ओतून त्यांना दिलं.

आत पाँरूजची सगळी मिळून चाळीसेक माणसं होती. सगळी एकमेकांना बिलगून, बर्फात सापडलेल्या कोंबड्यांसारखी. उलिस मागच्या बाकावर टेकणार, तोच बधिर बोटांतून ग्लास निसटला आणि चॉकलेट बाकावर सांडलं. समोरून, मैदानापलीकडून, एर्लीनबाई हात करत होत्या. शेजारी हार्लन, डोळ्यांना दुर्बीण लावून. सांडलेलं त्यांना दिसू नये म्हणून उलिस चटकन त्या थारोळ्यावरच बसले आणि त्यांनीही हात केला. खालून क्षणभर ऊब लागली. बरंच वाटलं.

सामना सुरू झाला. चेंडू दगड झाला होता. तो ज्याच्याकडे फेकला जाई, तो आधी स्वतःला वाचवत होता आणि मग चेंडूचा विचार करत होता. पेलिकनांची पोरं घसरत होती, उठत होती, पुन्हा घसरत होती. उलिस ओरडत होते, पण ओठ बधिर झाल्यामुळे "पेलिकन" ऐवजी नुसतं "फेफे" निघत होतं. मध्यंतराला साळिंदर चार गुणांनी पुढे होते.

मग बँड मैदानात आला आणि कोलेट दिसली.

मोठे संचालक तापानं आजारी होते, म्हणून लाकडी चौथऱ्यावर आज कोलेट चढली. समोर शंभरावर पोरं, हातात पितळी वाद्यं. तिनं काठी उचलली, खाली आणली, आणि काहीच वाजलं नाही. ढोल तेवढे वाजले. पितळी वाद्यांच्या कळा गोठून बसल्या होत्या. एका पोराच्या ओठांना तर शिंगच चिकटलं होतं. स्टँडमध्ये कुजबूज झाली. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात ही पोर सूर चुकली की रडत उलिस यांच्याकडे धावत यायची. आता मध्ये आख्खं मैदान होतं.

पण कोलेट रडली नाही. ती पोरांना काहीतरी बोलली. पोरं हसली. त्यांनी वाद्यं खाली ठेवली. मग ती पाठ फिरवून पाहुण्यांकडे, त्या चाळीस कुडकुडणाऱ्या माणसांकडे तोंड करून उभी राहिली. तिनं काठी उचलली आणि मागची शंभर पोरं तोंडानंच वाजवायला लागली, "पँ, पँपँ, पँ, पँपँ..."

पाँरूजच्या शनिवारच्या नाचात म्हातारेकोतारे धरतात, तोच वॉल्ट्झ होता तो. त्यांना कोणी शिकवला असणार हे उघड होतं. गुलाबी गालांची, बर्फात वाढलेली ती पोरं पानं न बघता गात होती, म्हणजे पुष्कळ दिवस शिकवला असणार. हळूहळू समोरचं स्टँडही गुणगुणू लागलं. कोलेटची काठी इकडून तिकडे फिरत होती आणि सगळं गाव तिच्या तालावर डुलत होतं.

उलिस यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तिकडे करू नये. मिनेसोटात ही भावनेची नव्हे, तब्येतीची बाब आहे. उजव्या डोळ्याच्या पापण्या चिकटल्या त्या चिकटल्याच. एका डोळ्यानं ते मुलीकडे बघत राहिले. ओडील बाईंच्या शाळेत संगीताला आठवड्याला दोन तास असतात आणि एक पियानो आहे, त्याचे चार सूर लागत नाहीत. हे त्यांना आधीही ठाऊक होतं. फक्त इतक्या स्पष्टपणे आठवलं नव्हतं.

उत्तरार्धात बर्फ पडायला लागलं. साळिंदर अजून पुढेच होते. अगदी शेवटचा डाव आला. पेलिकनांनी चेंडू उंच फेकला, चाळीसच्या चाळीस माणसं ताडकन उभी राहिली, उलिसही उठले.

म्हणजे त्यांनी ठरवलं, पण ते उठले नाहीत. खालून कोणीतरी धरून ठेवलं होतं. त्यांनी पुन्हा जोर केला. चॉकलेटनं भिजलेला सूट बाकाला गोठून असा बसला होता, की आता उलिस गिद्री आणि ते ॲल्युमिनियम ही एकच वस्तू झाली होती. पुढे चाळीस पाठींची भिंत. तिच्यापलीकडून आधी आरोळी, मग शांतता, मग किंकाळ्या.

"काय झालं?" उलिस ओरडले. "अरे, काय झालं?" बोलताना ते फक्त "फाय फालं?" असं निघालं. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, रडत होती, उड्या मारत होती. पेलिकन जिंकले होते. शतकात एकदा घडणारी गोष्ट घडली होती आणि दीड हजार मैल आलेल्या उलिस यांना त्या वेळी समोरच्या माणसाच्या पँटचा खिसा दिसला होता.

सगळे नाचत मैदानात उतरले. स्टँड रिकामं झालं. उलिस बसूनच राहिले. एका ओळखीच्यानं खालून हाक मारली, "चल की!" ते रुबाबात म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा हा क्षण अनुभवतो."

क्षण बराच लांबला. मग पायऱ्या चढत कोणीतरी आलं. हार्लन होते. एका हातात थर्मास, दुसऱ्यात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायची पट्टी.

"दुर्बिणीतून बघत होतो," ते म्हणाले. "तुमचा संघ जिंकला आणि तुम्ही बसलेले. म्हटलं, काहीतरी चिकटलंय."

काही न विचारता ते मागे गुडघे टेकून बसले आणि कोमट कॉफी थोडी थोडी ओतत पट्टी फिरवू लागले. सुताराचा हात होता, घाई नव्हती. उलिस समोर बघत राहिले. व्याह्यानं आपल्या बुडाखाली खरवडावं, ह्यापेक्षा खाली माणसाची अब्रू जाऊ शकत नाही. त्यामुळे एक प्रकारचा मोकळेपणाही आला होता.

"तिला परत न्यायला आला होतात ना?" हार्लन मागून म्हणाले.

उलिस दचकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी असतो तर मीही त्यासाठीच आलो असतो." थोडी कॉफी ओतली गेली. "माझी मुलगी फ्लोरिडात असते. दरवर्षी जातो. सांगतो, मासे धरायला चाललोय."

"मिळतात का मासे?"

"गळ नेतच नाही."

उलिस यांना हसू आलं, पण मिशी हलली नाही. हा माणूस तीन वर्षं आपल्याला मूर्ख समजत नव्हता, नुसताच गप्प बसत होता, असं त्यांच्या मनात आलं. "विचारणार होतो तिला," ते म्हणाले. "आता नाही विचारणार. पाहिलं ना मी."

"हं," हार्लन म्हणाले. "आता उठा. एकदम."

उलिस एकदम उठले. चर्र असा आवाज झाला. दलदलीच्या गवताचा चांगला ताटाएवढा तुकडा बाकावरच राहिला. हार्लन यांनी आपला कोट काढून त्यांच्या कमरेभोवती बांधला, स्वतः स्वेटरवर चालू लागले आणि म्हणाले, "बरी हवा आहे."

बँडच्या खोलीत कोलेट गरम पाण्याच्या बादल्यांत गोठलेली वाद्यं मोकळी करत होती. बापाला बघून तिनं हात पुसले.

"पापा, एक सांगायचंय. चिडू नका. मला इथे कायम केलंय. महिना झाला. फोनवर सांगणार होते, पण तुम्ही हवेचं विचारून आईला देता."

"तो वॉल्ट्झ जरा जलद झाला," उलिस म्हणाले. "म्हातारी माणसं पडतील त्यावर." मग तिला जवळ घेतलं आणि तिच्या टोपीवर हनुवटी टेकून तसेच उभे राहिले. कोट कमरेवरून घसरत होता, तो हार्लन मागून धरून होते.

संध्याकाळी त्यांनी ओडील बाईंना फोन केला. "ती जागा भरून टाका," एवढंच बोलले.

पाँरूजला परतल्यावर उलिस गिद्री यांना मागणी आली. शेवटचा डाव प्रत्यक्ष बघितलेली माणसं गावात चाळीसच, आणि त्यांतलं सांगता येणारं एकच. चेंडू कसा वर गेला, साळिंदराच्या शिरस्त्राणावर कसा आपटला, आपला सगळ्यात जाडा पोरगा तो पोटाशी धरून बर्फावर पोटावरच कसा घसरत रेषेपार गेला, हे त्यांनी इकडून तिकडून गोळा केलं होतं. दर खेपेला त्याच्यामागे धावणारा एखादा साळिंदर वाढत असे. वसंत ऋतूपर्यंत ते आठ झाले.

एप्रिलमध्ये क्लोव्हिसच्या अंगणात मोठ्या पातेल्यात दलदलीतले क्रॉफिश, म्हणजे छोटे शेवंडे, उकळत असताना त्याला ते सहन होईना.

"उलिस, मी ऐकलं की तू बसून होतास. तुझा आवाज कोणालाच आला नाही म्हणतात."

"मी? बसून?"

"मग लाव व्याह्यांना फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

एर्लीनबाईंनी पातेल्यात बघायला सुरुवात केली. पाच-पंचवीस माणसं उलिस यांच्याकडे बघत होती. त्यांनी फोन लावला.

"हार्लन, इथे माझे शेजारी विचारतायत. सामन्याचा शेवट. पोरगा पोटावर घसरत गेला, आठ साळिंदर त्याच्यामागे..."

ज्यांचा संघ हरला होता, ते हार्लन पलीकडे विचार करत होते.

"आठ," शेवटी ते म्हणाले. "मी नऊ मोजले."

"आणि उलिस?" क्लोव्हिस फोनवर वाकून ओरडला. "हा काय करत होता?"

"उलिस?" हार्लन म्हणाले. "सगळ्यांच्या आधी उठले होते. माझ्यासमोर."